वेब्लीची एला लेदर आणि शेफील्डच्या पबातली नाताळगाणी

रानजाई

गेल्या वर्षी नोव्हेंबरात कामावरच्या एक बाई म्हणाल्या, "रविवारी दुपारी गायला येतेस का?" मी म्हटलं, मला गाता येत नाही. तर म्हणे, तिथं कुणालाच येत नाही.

शेफील्डच्या पश्चिमेला डोंगरात डंगवर्थ नावाचं गाव आहे. मेंढ्या, दगडी कुंपणं, बोचरा वारा. तिथं 'रॉयल हॉटेल' आहे, नावालाच हॉटेल, मुळात पबच. आम्ही बाराला पोहोचलो तर पाय ठेवायला जागा नाही. कोपऱ्यात एक ऑर्गन. कुणी 'आता आपण अमुक गाणं गाणार आहोत' वगैरे म्हणालं नाही. ऑर्गनवाल्यानं दोन सूर धरले आणि शंभरेक माणसं एकदम सुरू झाली. माझ्या हातातला पेला हलला, अक्षरशः. बहुतेकांच्या हातात कागद नाही. पुरुषांचा खर्जातला घोळका एक ओळ टाकतो, ती संपायच्या आत बायका तीच ओळ वरून उचलतात, मग मधले. आपल्याकडे कीर्तनात मागचे झील धरतात ना, तसं काहीसं. फक्त इथं बुवा नाही, सगळेच झीलकरी.

हा हंगाम नोव्हेंबरातल्या युद्धस्मृतिदिनाच्या पुढच्या रविवारी सुरू होतो आणि नाताळच्या दुसऱ्या दिवसापर्यंत चालतो. पुढं जानेवारीत तीच गाणी गायला सांगितलीत तर लोक विचित्र नजरेनं बघतील. वॉरलचं 'ब्लू बॉल', एकल्सफील्डचं 'ब्लॅक बुल', प्रत्येक ठिकाणची गाणी थोडी वेगळी, क्रम वेगळा. एका पबात जे गातात ते चार मैलांवरच्या दुसऱ्या पबात माहीत नसतं, किंवा माहीत असून गात नाहीत.

गंमत म्हणजे ही सगळी गाणी मुळात चर्चमधली. अठराव्या शतकात खेड्यातल्या चर्चमध्ये मागच्या बाजूला लाकडी माडी असायची आणि तिच्यावर गावातलेच लोहार, चांभार, विणकर व्हायोलिन, बासून, सेलो घेऊन बसायचे. चाली त्यांच्याच. 'व्हाइल शेपर्ड्स वॉच्ड' हे नाहम टेटचं गीत १७०० साली छापलं गेलं, आणि पुढं बराच काळ चर्च ऑफ इंग्लंडमध्ये अधिकृत म्हणावं असं नाताळगीत हे एकच. शब्द एकच म्हटल्यावर हौस सगळी चालीत! एकट्या शेफील्डच्या परिसरात हेच गीत डझनभराहून जास्त चालींत गातात. त्यातली एक चाल, 'क्रॅनब्रुक', कँटरबरीच्या टॉमस क्लार्क नावाच्या चांभारानं १८०५ मध्ये छापली. तीच चाल पुढं यॉर्कशरवाल्यांनी पळवली आणि टोपी न घालता माळावर गेलेल्या माणसाचं विनोदी गाणं तिच्यावर बसवलं. आज ती त्या गाण्याचीच म्हणून ओळखली जाते.

मग एकोणिसाव्या शतकात चर्चला शिस्तीचं वेड लागलं. माड्या पाडल्या, ऑर्गन आले, पांढरे झगे घातलेली पोरं आली. १८६१ चं मोठं भजनपुस्तक आलं आणि त्यात एका गीताला एक चाल अशी गाठ मारून टाकली. माडीवरच्या मंडळींना सांगितलं, तुमच्या उड्या मारणाऱ्या चाली आता नकोत. कादंबरीकार टॉमस हार्डीचे आजोबा आणि वडील असेच स्टिन्सफर्डच्या चर्चमध्ये वाजवायचे. ही मंडळी गप्प बसली नाहीत. वाद्यं उचलून पबात गेली. देवळातून काढलं म्हणून गाणं टिकलं, असं म्हणायला हरकत नाही.

हे सगळं घरी येऊन वाचायला घेतलं आणि वाचता वाचता एका बाईपाशी अडकले. तिच्यासाठीच हा धागा.

एला मेरी लेदर. जन्म १८७४, मृत्यू १९२८. वेल्सच्या सीमेला लागून हेरिफर्डशर आहे, तिथल्या वेओब्ली गावच्या वकिलाची बायको. (लिहायचं वेओब्ली, म्हणायचं वेब्ली. शेजारच्या लिओमिन्स्टरला लेम्स्टर म्हणतात. मी बसमध्ये दोन्ही चुकीचं म्हटलं आणि चालकानं दोन्ही वेळा अत्यंत सभ्यपणे दुरुस्त केलं.) काळ्या लाकडाच्या चौकटी आणि पांढऱ्या भिंती अशा वाकड्यातिकड्या घरांचं गाव. एलाबाई सायकल काढायच्या, खेड्यांत जायच्या, गावच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमात, म्हणजे वर्कहाउसात, म्हाताऱ्यांशी बोलत बसायच्या. त्यांतून १९१२ मध्ये हेरिफर्डशरच्या लोकविद्येचं जाडजूड पुस्तक झालं. बाईंकडे फोनोग्राफ होता. मेणाच्या नळकांड्यांवर त्या गाणी धरायच्या आणि ती नळकांडी संगीतकार रॅल्फ वॉन विल्यम्सकडे जायची, तो ऐकून स्वरलिपी करायचा.

१९०९ मध्ये किंग्ज पायन नावाच्या खेड्यात जेंकिन्स नावाच्या माणसाकडून या दोघांना एक कॅरल, म्हणजे नाताळगीत, मिळालं. आदमच्या पापापासून सुरुवात होणारं, संथ, काहीसं उदास. नाताळाचं वाटतच नाही. १९१२ च्या १२ सप्टेंबरला हेरिफर्डच्या कॅथीड्रलात वॉन विल्यम्सची नाताळगीतांवरची मोठी रचना पहिल्यांदा वाजली. तिची सुरुवात एकट्या सेलोनं होते आणि मग याच चालीचे सूर येतात. म्हणजे जिथल्या शेतातून ती चाल उचलली, त्याच जिल्ह्याच्या मोठ्या चर्चमध्ये तीन वर्षांनी ऑर्केस्ट्रासकट परत.

त्याच महिन्यात वॉन विल्यम्स, त्याची बायको ॲडलीन आणि एला असे तिघं मंकलंडला हॉप्सच्या (बिअरमध्ये घालायच्या फुलांच्या) तोडणीवर आलेल्या जिप्सींच्या तळावर गेले. रात्र, थंडी. लिहायला दिसावं म्हणून मुद्दाम जाळ केलेला. आणि अंधारातून एकजण गायला लागला. मेलेल्या प्रेयसीच्या थडग्यावर बसलेल्या माणसाचं गाणं. गाणाऱ्याचं नाव आल्फ्रेड प्राइस जोन्स. हे नाव आज आपल्याला माहीत आहे, कारण बाईंनी ते लिहून ठेवलं.

१९२० मध्ये हेरिफर्डशरच्या बारा कॅरल्सचं पुस्तक निघालं, त्यावर दोघांची नावं आहेत. तरी लोकांना नाव माहीत आहे वॉन विल्यम्सचं.

तुमच्याकडे नाताळात, दिवाळीत, कशातही, दारोदार किंवा जमून गायची अशी काही पद्धत आहे का? होती का? आणि ती कुणी उतरवून घेतली का?

---

खडीसाखर

वाचतेय. फार छान लिहिलंय. 'सगळेच झीलकरी' आवडलं.

---

उगाच_काहीतरी

पबात भजन. आमच्याकडे असं काही केलं तर दोन्हीकडून मार पडेल.

---

मंद्रसप्तक

सुरेख धागा. थोडी भर.

वॉन विल्यम्सचा जिवलग मित्र गुस्ताव होल्स्ट. नाताळातलं 'इन द ब्लीक मिडविंटर' ज्या चालीत जगभर गातात, ती 'क्रॅनहम' नावाची चाल होल्स्टची, १९०६ ची. ती ज्या भजनपुस्तकात आली त्याची संगीताची बाजू वॉन विल्यम्सनंच सांभाळली होती. आता हा होल्स्ट संस्कृत शिकला होता, भाषांतरं पसंत पडेनात म्हणून. ऋग्वेदातल्या सूक्तांवर त्यानं समूहगीतं केली आणि सावित्रीच्या कथेवर छोटा ऑपेरा केला. उषस् आणि वरुण एका वहीत, नाताळचं बर्फ दुसऱ्या वहीत.

दुसरं म्हणजे सेसिल शार्प. त्याचं नाव धाग्यात यायला हवं होतं. १८९९ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टनमध्ये त्यानं मॉरिस हा तिथला लोकनाच नाचणारे लोक पाहिले, कॉन्सर्टिना (हातातली छोटी भात्याची पेटी) वाजवणारा विल्यम किंबर भेटला. मग १९०३ मध्ये सॉमरसेटमधल्या हॅम्ब्रिजला जॉन इंग्लंड नावाच्या माळ्याकडून पहिलं गाणं घेतलं आणि पुढं आयुष्यभर पाच हजारांच्या आसपास चाली उतरवल्या. लोककॅरल्सचं त्याचं पुस्तक १९११ चं. या शार्पचं चरित्र लिहिलं ए. एच. फॉक्स स्ट्रँगवेजनी, मॉड कार्पेलेसबरोबर. आणि हे फॉक्स स्ट्रँगवेज म्हणजे १९१४ मध्ये हिंदुस्थानी संगीतावर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिणारेच. हिंदुस्थानात फिरून, ऐकून, लिहिलेला. आमच्या गुरुजींच्या कपाटात त्याची एक कसर लागलेली प्रत होती. मला फार वर्षांनी कळलं की इंग्लंडातल्या शेतकऱ्यांची गाणी जमवणाऱ्यांच्या गोतावळ्यातलाच हा माणूस.

---

शंकासुर

सगळं गोड गोड चाललंय म्हणून थोडं मीठ टाकतो.

शार्पनं छापताना शब्द धुवून काढले. शेतमजूर जे मोकळेपणानं गायचा ते शाळेच्या पुस्तकात चालणार नाही म्हणून बदललं. हस्तलिखितांत मूळ शब्द शिल्लक आहेत म्हणून तरी कळतं. डेव्ह हार्कर यांनी १९८५ मध्ये या सगळ्या मंडळींवर टीकेचं अख्खं पुस्तक लिहिलं. मुद्दा असा की शहरातले सुशिक्षित लोक खेड्यात गेले, त्यांना हवं तेवढंच 'खरं लोकगीत' म्हणून निवडलं, पबातली, गिरणीतली, छापील कागदावरून पाठ केलेली गाणी बाजूला सारली, आणि वर स्वतःचं नाव लावलं.

शेफील्डची ही पबातली गाणीही त्यामुळंच या लोकांच्या चाळणीतून गळली असणार. कारण ती 'शुद्ध' नाहीत. कुणा लोहारानं छापलेल्या वहीतून आलेली. अज्ञात पूर्वजांची नाहीत ना!

आणि वकिलाची बायको वर्कहाउसात जाऊन म्हाताऱ्यांकडून गाणी घेते, यात कुणाला किती निवड होती, हाही प्रश्न आहेच.

---

रानजाई

शंकासुर, शेफील्डबद्दलचा मुद्दा अगदी बरोबर. तिथली गाणी पद्धतशीर ध्वनिमुद्रित व्हायला १९७० उजाडावं लागलं. इयन रसेल यांनी पश्चिम शेफील्डमधल्या गाण्यावर १९७० ते ७२ अशी दोन वर्षं काम करून प्रबंध लिहिला आणि मग ते तिथंच रमले. पुस्तकं, ध्वनिफिती, ग्रेनोसाइडला १९९४ पासूनचा महोत्सव. पण त्यांनी गाण्याबरोबर गाणारे, बसायच्या जागा, कोण कुणाशेजारी उभं राहतं, हेही नोंदवलं. आणि गाणी जुनीच हवीत असा हट्ट नाही. तिथं 'स्टॅनिंग्टन' नावाचं एक कॅरल आहे, सगळे तन्मयतेनं गातात. मला वाटलं दोनशे वर्षांचं असेल. निघालं विसाव्या शतकातलं, मिना डायसन या तिथल्याच ऑर्गनवादक बाईंचं.

वर्कहाउसचा मुद्दा डोक्यात राहिला. उत्तर नाही माझ्याकडे. एवढंच म्हणेन की एलाबाई पाहुण्या नव्हत्या. जन्म शेजारच्या डिल्विनचा, संसार वेब्लीत. गाणी घेऊन दुसऱ्या दिवशी गाडीत बसून निघून जायची सोय नव्हती. ज्याच्याकडून घेतलं तो माणूस दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटणारच.

---

तात्या_नगरी

अहिल्यानगर म्हणायचं आता, पण तोंडी नगरच बसलंय, सांभाळून घ्या.

आम्ही ख्रिस्ती. लहानपणी नाताळच्या आधीच्या रात्रींत आमचं भजनी मंडळ निघायचं. एक पेटी, ढोलकी, दोन खंजिऱ्या, टाळ. थोरले मामा पेटी गळ्यात अडकवून चालायचे, पट्टा तुटू नये म्हणून सुतळीनं बांधलेली. रात्री नऊला निघायचं ते पहाटेच कधीतरी घरी. गाणी बरीचशी ना. वा. टिळकांची. रेव्हरंड टिळक. ते १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण अभंग आणि ओवी काही त्यांनी सोडली नाही, म्हणून आम्हाला नाताळसुद्धा अभंगातच ऐकायची सवय. इंग्रजी चालींवर बसवलेली मराठी गीतं होती, पण ती चर्चमध्ये उभं राहून म्हणायची. रस्त्यात टाळावरचीच.

प्रत्येक घरी आत बोलवायचे. करंजी, शंकरपाळे, चहा. सातव्या-आठव्या घरापर्यंत पोट फुटायची वेळ यायची, पण नाही म्हटलं तर यजमानीण रुसायची. म्हणून मामांनी नियम केला होता, लहान पोरांनी खिशात टाकायचं, मोठ्यांनी खायचं. माझ्या स्वेटरच्या खिशाला जानेवारीपर्यंत तुपाचा वास.

एक घर होतं, हिंदू, मारवाडी. आमच्या वस्तीच्या वाटेवर. तिथल्या आजी दरवर्षी दार उघडून ओट्यावर बसायच्या आणि म्हणायच्या, 'ते सावकाश वालं म्हणा.' ते म्हटलं की सव्वा रुपया आणि गूळ. त्या गेल्या त्या वर्षी आम्ही त्या दारापाशी थांबलो, म्हटलं, आणि पुढं गेलो.

आता ट्रक असतो. वर लाल कपड्यातला सांता, मोठे कर्णे. पोरं नाचतात, मजा करतात, करू देत. पण ट्रक काही घरात शिरू शकत नाही.

---

खडीसाखर

तात्या, 'सावकाश वालं'. डोळ्यांत पाणी आलं.

---

वसईवाला

रानजाई, तुमच्या धाग्यात एक उलटा प्रवासही बसतो.

थॉमस स्टीफन्स, इंग्लंडच्या विल्टशरमधला. १५७९ मध्ये गोव्यात आला आणि परत गेला नाही. १६१६ मध्ये राशोलला त्याचं ख्रिस्तपुराण छापून झालं. मराठीत, ओवीत, अकरा हजारांच्या आसपास ओव्या. छपाई रोमन लिपीत, पण भाषा आपली. मराठी भाषेची थोरवी सांगणाऱ्या त्यातल्या ओव्या शाळेत सगळ्यांनी पाठ केल्यात, कुणी लिहिल्या ते बहुतेक विसरतात. हे पुराण नुसतं वाचायचं नव्हतं, गायचं होतं. गोव्यात आणि आमच्या वसईकडेही ते गायलं जायचं.

आता तारखा बघा. १६४७ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटनं नाताळ साजरा करायलाच बंदी घातली. प्युरिटन लोकांचं राज्य, सण म्हणजे चैन, बंद. त्याच्या तीस वर्षं आधी एका इंग्रजानं ख्रिस्तजन्माच्या मराठी ओव्या छापून ठेवल्या होत्या.

---

उगाच_काहीतरी

म्हणजे परंपरा आमच्याकडे बॅकअप घेऊन ठेवली होती.

---

निळा_पेन

मराठी संस्थळावर इंग्लंडच्या पबचं कौतुक कशाला, असं म्हणायला आलो होतो. तात्या आणि वसईवाल्यांनी तोंड बंद केलं. तरी एक प्रश्न: एलाबाईंच्या पुस्तकात गाण्यांशिवाय काय आहे? सण वगैरे?

---

रानजाई

निळा_पेन, भरपूर आहे. दोन सांगते.

नाताळपासूनच्या बाराव्या रात्री, म्हणजे ५ जानेवारीला, गव्हाच्या शेतात जाळ करायचे. एक मोठा आणि बारा लहान. मग सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, प्यायची, आरोळ्या ठोकायच्या, लांबच्या शेतांतले जाळ मोजायचे. तिथून गोठ्यात. तिथं मधोमध भोक पाडलेला मनुक्यांचा केक सगळ्यात चांगल्या बैलाच्या शिंगात अडकवायचा, त्याच्या नावानं प्यायचं आणि त्याला डिवचायचं. बैलानं मान झटकली की केक पुढं पडतो की मागं, त्यावर तो कुणाला मिळणार हे ठरायचं. मला पोळा आठवला. आपण निदान बैलाला पुरणपोळी खाऊ घालतो, हे लोक शिंगात अडकवून स्वतःच खातात.

दुसरं, नव्या वर्षाच्या पहाटे 'झुडूप जाळणं'. काट्याच्या फांद्या वाकवून त्यांचा चेंडूसारखा गोळा केलेला असायचा, तो वर्षभर स्वयंपाकघरात टांगलेला. अंधारातच तो शेतात नेऊन पेंढ्याच्या जाळावर जाळायचा आणि नवा करायचा. भोवती गडी उभे राहून, खाली वाकत, फार खोल आवाजात लांबवून 'ऑल्ड सायडर' असं ओरडायचे. हेही गाणंच की.

---

भीमाकाठ

आपल्याकडचा संदर्भ राहू नये म्हणून: हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ. पुण्यात बसून त्यांनी जात्यावरच्या ओव्यांचं जे काम केलं ते जगात फार थोड्या ठिकाणी झालं असेल. एक लाखाहून जास्त ओव्या, हजाराहून अधिक गावं. प्वातवाँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. आता त्या ओव्या 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकता येतात, आणि प्रत्येक ओवीसोबत बाईचं नाव, गाव, तालुका. कित्येकींचा फोटोसुद्धा. त्याआधी साने गुरुजी, सरोजिनी बाबर यांनी आपापल्या परीनं ढीगभर जमवलं, त्यांचे उपकार आहेतच. पण जुन्या बऱ्याच संग्रहांत ओवीखाली कुणाचं नाव नसतं. जणू ओवी जात्यानंच म्हटली.

---

पाटावरवंटा

भीमाकाठ, तुमचं शेवटचं वाक्य वाचून दोन दिवस लिहू का नको असं चाललं होतं.

माझी आजी माणदेशातली. दुष्काळी भाग. ऐंशीच्या दशकात एक गृहस्थ यायचे घरी. फार सभ्य. सतरंजीवर बसायचे, वहीत लिहायचे, आजीला 'आई' म्हणायचे. तीन-चार वर्षं येत होते. आजी त्यांच्यासाठी मुद्दाम आठवून ठेवायची. भाकरी थापताना मध्येच थांबून म्हणायची, ही त्यांना सांगायची राहिली. मला बोटं मोजायला लावायची, म्हणजे विसरणार नाही.

मग ते यायचे थांबले. पुष्कळ वर्षांनी मला एका वाचनालयात पुस्तक मिळालं. आजीच्या ओव्या. ओळीनं. एका ओवीत माझ्या चुलत्याचं लाडाचं नाव आहे, ते घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून खात्री. खाली काय लिहिलंय? 'माण तालुका'. बस.

ते पुस्तक मी आजीला दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवल्या. ती म्हणाली, चांगल्या लिहिल्यात. मग म्हणाली, 'माझं कुठाय?' मी खोटं बोलले. म्हटलं, पुढच्या पानावर आहे.

त्या गृहस्थांचं नाव लिहीत नाही. ते वाईट नव्हते. त्यांना ते सुचलंच नसेल.

---

खडीसाखर

🙏

---

शंकासुर

पाटावरवंटा, मी वर जे हार्कर-बिर्कर झाडलं ते या एका प्रतिसादापुढं काहीच नाही.

(आणि ही चर्चा आपण सगळे टोपणनावांनी करतोय, हेही आत्ताच लक्षात आलं.)

---

मंद्रसप्तक

नावाचं निघालंय म्हणून. इंग्लंडात ससेक्समध्ये हॉर्शमजवळ मंक्स गेट नावाची वस्ती आहे. तिथल्या हॅरिएट व्हेरल नावाच्या बाईंकडून वॉन विल्यम्सनं १९०४ मध्ये एक कॅरल घेतलं, ते आज 'ससेक्स कॅरल' म्हणून जगभर गायलं जातं. सरेमधल्या फॉरेस्ट ग्रीन गावात एका म्हाताऱ्याकडून एका शेतकरीगीताची चाल घेतली, तिच्यावर 'ओ लिटल टाउन ऑफ बेथलेहेम' बसवलं. चालीला नाव दिलं 'फॉरेस्ट ग्रीन'. जिल्ह्याचं नाव, गावाचं नाव. व्हेरलबाईंचं किंवा त्या म्हाताऱ्याचं नाव चालीला दिलं असतं तर? वहीत नावं आहेत, कुणीही बघू शकतो. गाताना ती कुणी घेत नाही.

पाटावरवंटा, तुमच्या घरात आणखी कुणाला येतात का ओव्या?

---

पाटावरवंटा

थोरली मावशी आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. म्हणते, सगळं विसरले.

---

भीमाकाठ

जातं आहे का घरात? नुसतं 'म्हण' म्हटलं तर येत नाही. हात फिरला की गळा उघडतो. हे अनुभवानं सांगतोय.

---

तात्या_नगरी

खरंय. आमच्या मामांना पेटीशिवाय एक ओळ आठवायची नाही. टेबलावर बोटं आपटली तरी चालायचं, पण हात हवा.

---

पाटावरवंटा

अपडेट. शनिवारी गावी गेले होते.

जातं विकलं केव्हाच. भीमाकाठांचं वाचून अंगणातला पाटा-वरवंटा धुतला, तांदूळ भिजवून ठेवले होते ते पुढ्यात ठेवले. मावशी म्हणाली, मिक्सर आहे की. मी म्हटलं, बिघडलाय. तिनं संशयानं बघितलं, पण बसली. दहा मिनिटं नुसता वरवंट्याचा आवाज. मी फोन पदराखाली धरून बसले होते, चोरासारखी. मग बरं वाटेना म्हणून समोर ठेवला आणि सांगितलं की धरून ठेवतेय.

म्हणाली, बरं. आणि सुरू झाली.

बावीस झाल्या. चार आजीच्या होत्या, पण शब्द पुस्तकातल्यापेक्षा वेगळे. मी म्हटलं, मावशे, पुस्तकात तर असं आहे. म्हणाली, ते तिचं, हे माझं. मध्ये शेजारीण आली, तिनं दोन घातल्या. एक कुत्रंही आहे आवाजात.

संपल्यावर मी नाव सांगायला सांगितलं. तिनं हात पुसले, फोनच्या जवळ तोंड आणलं आणि मोठ्यानं स्वतःचं नाव, तिच्या आईचं नाव आणि गाव सांगितलं. मग मला म्हणाली, माहेरचं लाव. सासरी आल्यावर एक तरी ओवी नवी केली का मी? सासरचं लावू नको.

---

निळा_पेन

शेजारणीचं पण लावा.

---

पाटावरवंटा

लावलंय. तिचं सासरचं. ती म्हणाली तसंच लाव.

---

वसईवाला

एक व्यावहारिक सूचना. फोनमधली फाइल एकाच जागी ठेवू नका. आणि तारीख, वेळ, मिक्सर बिघडल्याचं कारण, सगळं लिहून ठेवा. पन्नास वर्षांनी कुणाला तरी तेच महत्त्वाचं वाटेल.

---

मंद्रसप्तक

रानजाई, मी डिसेंबरात लीड्सला मुलीकडे येतोय. डंगवर्थला रविवारी यायचं म्हटलं तर साडेअकराला पोहोचलं की जागा मिळेल का?

---

रानजाई

अकराला या. खर्जवाल्यांच्या घोळक्यात उभे राहा, ऑर्गनच्या डाव्या बाजूला. आणि जाड कोट गाडीतच ठेवा, आत घाम फुटतो.